माहेरून परतल्यावर: तान्ह्या बाळासोबत घरी एकटीने दिवस कसा लावावा

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणून बाळ सांभाळायचं शिक्षण तिथेच होतं असा एक समज आहे. प्रत्यक्षात त्या तीन महिन्यांत बाळाला आजी घेते, अंघोळ मालिशवाल्या बाई घालतात, डिंकाचे लाडू आयते हातात येतात आणि आपण पाजतो नि झोपतो. तसंच व्हायला हवं, तक्रार नाही. पण मग सामान गाडीत भरून पुण्या-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये आलो, सोमवारी नवरा कामावर गेला आणि दार लागलं, की पहिल्यांदा कळतं: आता सगळं ठरवायचंय आपण, तेही एका हातात बाळ घेऊन.

हे मार्गदर्शन त्या सोमवारसाठी आहे. सगळ्याचा गाभा एकच: जे ठरवायचं ते बाळ हातात नसताना ठरवून ठेवा. औषधाचा डोस, ताप आला तर कुठे जायचं, दुपारी काय खायचं, हे रडत्या बाळासमोर उभं राहून सुचत नाही.

१. माहेरून निघण्याआधी कागद पुरे करा

कंटाळवाणं आहे, म्हणूनच आधी. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथल्या कार्यालयात होते, तुम्ही राहता तिथे नाही. प्रसूती कराडला आणि घर ठाण्याला असेल, तर दाखला कराडचाच. एकदा परतलात की एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी वडिलांना नाहीतर भावाला खेपा घालाव्या लागतात.

हॉस्पिटलमध्ये जन्म झाला असेल तर नोंद कळवणं हॉस्पिटलचं काम. २१ दिवसांच्या आत ती विनाशुल्क होते. फॉर्मवर काय लिहिलंय हे बघणं मात्र तुमचं काम. इथे तीन ठिकाणी हमखास घोळ होतो.

पहिला, आईचं नाव. हॉस्पिटलच्या केसपेपरवर सासरचं नाव आणि आधार कार्डावर अजून माहेरचं, हे आपल्याकडे सर्रास असतं. दाखल्यावर तेच नाव लिहायला सांगा जे तुमच्या आधारवर आहे. नाहीतर बाळाचं आधार काढताना केंद्रावरून परत पाठवतात.

दुसरा, बाळाचं नाव. फॉर्म दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरला जातो आणि बारसं बाराव्या दिवशी, कधी त्याहून उशिरा. त्यामुळे पुष्कळ दाखले नावाच्या रकान्यात कोरे निघतात. नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण बारसं झाल्यावर त्याच आठवड्यात ते काम उरकलं तर बरं.

तिसरा, नावाची रचना. महाराष्ट्रात १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी क्रम असा: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मराठी आणि इंग्रजी दोन्हीतलं स्पेलिंग एका कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार अशा सगळ्यासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरतात. त्यामुळे इथली चूक पुढे प्रत्येक कागदावर उतरते.

आधार मात्र कुठल्याही केंद्रावर निघतं, ते परतल्यावर काढा. पाच वर्षांखालच्या मुलांना निळं ‘बाल आधार’ मिळतं. बाळाचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो. ठसे आई किंवा वडील द्यायचे. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मुलाचे ठसे देऊन ते अद्ययावत करावं लागतं.

सरकारी योजनांपैकी दोन लक्षात ठेवा. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये. पहिल्या बाळाचा दुसरा हप्ता जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्याशिवाय निघत नाही. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल आणि मुलगी १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेली असेल, तर ‘लेक लाडकी’ आहे. दोन्हींसाठी अंगणवाडी सेविकेला विचारा. एजंटला पैसे देऊ नका.

निघताना एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये एवढं हवं:

- जन्म दाखल्याच्या दोन-तीन मूळ प्रती
- माता व बाल संरक्षण कार्ड, म्हणजे लसींचं कार्ड (त्याचा फोटो दोघांच्या फोनमध्ये)
- हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड: जन्मवजन, रक्तगट, कावीळ झाली होती का, हे त्यावर असतं
- आई-वडिलांचं आधार, तुमचं बँक पासबुक, रेशनकार्डाची झेरॉक्स

२. घर जमिनीवरून बघा

तीन-चार महिन्यांचं बाळ एका जागी असतं, म्हणून घर नंतर आवरू असं वाटतं. ते पालथं पडायला लागतं तेव्हा वेळ असतो, रांगायला लागतं तेव्हा नसतो. एकदा स्वतः जमिनीवर बसून नजर फिरवा. दिसतील त्या गोष्टी: डासांच्या लिक्विडचं मशीन, मोबाइल चार्जरची लोंबती वायर, टेबलक्लॉथचं टोक (वर चहाचा कप), देवघरातली कापराची डबी, सोफ्याखाली गेलेलं नाणं.

सर्वांत धोक्याची वस्तू मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही: बाथरूममधली भरलेली बादली. पाण्याची वेळ सकाळी तासभर, म्हणून बादल्या भरून ठेवायची आपली सवय. नुकतं उभं राहायला लागलेलं मूल वाकून डोक्यावर पडलं की त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. वीतभर पाणीही पुरतं. पिंप झाकणाचं घ्या आणि बाथरूमला बाहेरून उंचावर कडी लावून घ्या. दुसरी वस्तू म्हणजे रिमोटमधला आणि खेळण्यातला गोल बटणसेल. गिळला तर अन्ननलिका तासा-दोन तासांत भाजू लागते; ‘शी मधून पडेल’ म्हणून वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल.

झोपायला बाळ उताणं, सपाट घट्ट गादीवर, भोवती उशा-लोड नकोत. डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी देतात. तिची गरज नाही. साडीच्या झोळीत बाळ छान झोपतं हे खरं, पण मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकते. झोळी डोळ्यांसमोर असतानाच वापरा. रात्रीची झोप झोळीत नको.

३. दिवस घड्याळाला बांधू नका

‘सातला दूध, आठला अंघोळ, नऊला झोप’ असा तक्ता भिंतीवर लावला तर तिसऱ्या दिवशी तो आपल्यालाच रडवतो. या वयात चालते ती साखळी: जाग, दूध, थोडा खेळ, झोप. साडेतीन-चार महिन्यांचं बाळ एका वेळी साधारण दीड ते दोन तास जागं राहतं. त्यानंतर डोळे चोळणं, चेहरा फिरवणं, उगाच किरकिर. त्या क्षणी झोपवायला घेतलं तर झोपतं. ‘अजून जरा दमू दे, मग गाढ झोपेल’ म्हणून खेळवत बसलात तर अतिदमलेलं बाळ दुप्पट रडतं.

घड्याळाच्या जागी दोन खुंट ठोका: सकाळची अंघोळ आणि संध्याकाळी दिवे मंद करण्याची वेळ. बाकी सगळं त्या दोघांमध्ये सैल राहू द्या.

अंघोळीनंतरची झोप दिवसातली सर्वांत लांब असते. या झोपेवर सगळ्यांचा डोळा असतो: भांडी, कपडे, फोन, सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. माझं ठाम मत आहे की ही झोप आईच्या जेवणाची. साडेदहा वाजले असले तरी ताट वाढून घ्या आणि बसून जेवा. दुपारी एकला शांतपणे जेवू हा बेत बहुतेक दिवशी फसतो आणि मग चारला उभ्याने बिस्किटं खाल्ली जातात. पाजणाऱ्या आईला रोज साधारण ५०० कॅलरी जास्त लागतात. ती भूक बिस्किटांची नाही.

म्हणून आदल्या रात्री पंधरा मिनिटं: कणीक मळून फ्रिजमध्ये, भाजी चिरलेली, डाळ-तांदळाचं माप कुकरशेजारी, आणि पाजायला बसता त्या जागी पाण्याची बाटली नि एका हाताने खाता येईल असं काही. अळिवाचे किंवा डिंकाचे लाडू, थालीपीठ, गूळ-शेंगदाणे, तूप-गूळ लावून गुंडाळलेली पोळी. वांगं नको, आंबट नको, गार पाणी नको, ही यादी सासरी-माहेरी वेगवेगळी असते यावरूनच तिचं वजन लक्षात घ्या. एखादा पदार्थ खाल्ल्यावर बाळाला खरोखर त्रास होतो असं दोन-तीनदा दिसलं तर तेवढाच थांबवा.

आणखी बारीक गोष्टी. तुमची अंघोळ नवरा निघण्याआधी. दाराच्या बेलशेजारी ‘बाळ झोपलंय, बेल वाजवू नका, फोन करा’ अशी चिठ्ठी. कुरिअरवाले पाळतात, शेजारी पाळत नाहीत. पावसाळ्यात लंगोट दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा नेहमीपेक्षा दीडपट लंगोट-दुपटी हवीत आणि घालण्याआधी इस्त्री फिरवा, दमट कापडाने जांघेत पुरळ येतं. दिवसा लंगोट, रात्री डायपर ही वाटणी खिशाला आणि झोपेला दोन्हींना परवडते.

४. मालिश आणि अंघोळ बाईंशिवाय

शहरात मालिशवाल्या बाई मिळाल्या तर उत्तम, पण न मिळाल्याने काही अडत नाही. तुमचा हलका हात बाळाला पुरतो. उन्हाळ्यात खोबरेल तेल, थंडीत तिळाचं. हातपाय उलटसुलट ताणणं, नाक ओढणं, छाती दाबून दूध काढणं (नवजात बाळांची छाती थोडी सुजलेली असते, आपोआप बसते) यातलं काही करायचं नाही, बाईंनाही करू द्यायचं नाही.

पायांवर घेऊन अंघोळ घालायची आपली रीत चांगली आहे, पण ती दोन माणसांची आहे: एकीच्या पायावर बाळ, दुसरी पाणी घालते. एकटीने करताना बाथरूममध्ये पाट मांडा किंवा छोटा टब घ्या, आणि साबण, तांब्या, पंचा, झबलं सगळं हाताच्या अंतरावर आल्याशिवाय बाळाला उचलू नका. आधी गार पाणी, मग त्यात गरम, कोपराने बघा. फोन वाजला, कुकरची शिट्टी झाली, तरी बाळ सोडून उठायचं नाही. म्हणून अंघोळीच्या वेळी गॅस बंद.

नंतरची धुरी वगळा. शेगडीवर ओवा-वेखंड टाकून बंद खोलीत केलेला धूर बाळाच्या फुप्फुसात जातो. पावडरही नको. काजळ डोळ्यांत घालू नका, त्यात शिसं निघू शकतं. तीट लावायचीच तर पायाच्या तळव्याला. कानात-नाकात तेल नाही. टाळूवर तेल लावलं तर हरकत नाही, पण टाळू ‘भरते’ ती तेलाने नाही. साधारण ९ ते १८ महिन्यांत हाड जुळून ती आपोआप बंद होते.

५. लसींचं कार्ड पुढे चालू ठेवा

गाव बदललं म्हणून लसी पहिल्यापासून घ्याव्या लागत नाहीत. तेच कार्ड घेऊन जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात किंवा अंगणवाडीतल्या लसीकरणाच्या दिवशी जा. सरकारी लसी विनाशुल्क आहेत. जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब. मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस), पोलिओ, रोटाव्हायरस, त्यांतल्या काही भेटींत न्यूमोनियाची लस आणि पोलिओचं इंजेक्शन. ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला नि जीवनसत्त्व ‘अ’चा पहिला डोस. १६ ते २४ महिन्यांत बूस्टर. एखादी तारीख हुकली तर पुढचा डोस लवकरात लवकर घ्यायचा. मालिका नव्याने सुरू करायची नसते. ‘उशीर झाला, आता ओरडतील’ म्हणून न जाणं, हेच खरं नुकसान.

खासगी दवाखान्यात याखेरीज फ्लू, टायफॉइड, कांजिण्या, कावीळ-अ अशा लसी सुचवतात. त्या घ्यायच्या का हे डॉक्टरांशी बोलून खर्च बघून ठरवा. सरकारी यादी मात्र चुकवू नका.

लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. पेंटाव्हॅलंटनंतर त्या रात्री ताप आणि किरकिर अपेक्षित असते, म्हणून दुसऱ्या दिवशी घरात पाहुणे नकोत. टोचलेल्या जागी काही चोळू नका. बीसीजीची फोडी डाव्या दंडावर काही आठवड्यांनी येते, कधी थोडं पाणी येतं, मग व्रण राहतो. घाबरून त्यावर हळद किंवा मलम लावणारे घरोघरी असतात, त्यांना थांबवा.

६. वरचं अन्न

इथे सर्वांत जास्त सल्ले येतात.

कधी? सहा महिने पूर्ण झाल्यावर, मुलगा असो वा मुलगी. घोळ होतो तो मोजण्यात. सहावा महिना ‘लागणं’ म्हणजे पाचच पूर्ण झाले. त्यात मुलीचं उष्टावण विषम महिन्यात, मुलाचं सम महिन्यात अशी रीत आहे, त्यामुळे मुलींना पाचव्यातच खीर चाटवतात आणि दुसऱ्या दिवसापासून रोजचं सुरू होतं. मुलीचं उष्टावण सातव्यात ठेवा, रीतही राहते नि बाळाचं पोटही. मुलाचा समारंभ आठव्यात करायचा असेल तर करा, पण रोजचं खाणं त्याच्यासाठी अडवून ठेवू नका. तोवर फक्त अंगावरचं दूध. पाणी, मध, गुटी काही नाही. (डॉक्टरांनी सांगितलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब यात धरू नका, ते रोज चालू राहतात.) मध तर वर्षापर्यंत नाहीच, त्यातल्या जंतूंनी लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

काय? तुमच्या स्वयंपाकघरात जे आहे तेच. मऊ मुगाची खिचडी: दोन भाग तांदूळ, एक भाग मूगडाळ, चौपट-पाचपट पाणी, कुकरला चार-पाच शिट्ट्या, डावेने घोटून वर साजूक तुपाची धार. नाचणीचं सत्त्व: नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदूळ-गव्हात त्याच्या जवळपासही नाही. रात्रभर भिजवून, कापडात मोड आणून, सावलीत वाळवून, मंद भाजून दळलेलं पीठ डब्यात असलं की पाच मिनिटांत होतं. उकडलेला लाल भोपळा, रताळं, गाजर, कुस्करलेलं केळं, चिकू. घरात अंडं खात असाल तर पूर्ण शिजवलेलं अंडं सातव्या महिन्यापासून चालतं. वर्षाची वाट बघू नका. मासे खाणाऱ्या घरात काटा काढलेला मासाही. नवीन पदार्थ एका वेळी एक, दोन-तीन दिवस तोच, म्हणजे काही उठलं तर कशाने ते कळतं.

किती? पहिल्या आठवड्यात दोन-तीन चमचे म्हणजे पोटभर. मग ८ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, वाढवत अर्धी वाटी. ९ ते ११ महिन्यांत तीन-चार वेळा. दूध चालूच.

आता सापळे, कारण हे प्रत्येक घरात भेटतात:

*वरणाचं पाणी आणि भाताची पेज.* पोट पाण्याने भरतं, वजन वाढत नाही. चमचा तिरका केल्यावर पदार्थ ओघळून पडला तर तो पातळ आहे. चमच्यात टिकला पाहिजे.

*मिक्सर.* पहिले काही दिवस ठीक. नवव्या महिन्यातही सगळं गुळगुळीत दिलं तर मूल चावायला शिकत नाही आणि दोन वर्षांचं झाल्यावर कणी लागली की ओकतं. हाताने कुस्करा, हळूहळू जाड ठेवा.

*मीठ-साखर.* वर्षापर्यंत नको. वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही. वरणात मीठ-तिखट घालण्याआधी एक डाव बाजूला काढा. ‘अळणी कसं खाईल ते?’ असं विचारणाऱ्याला चव माहीत आहे, बाळाला नाही.

*दुधात बिस्किट.* सोपं, गोड आणि निरुपयोगी. बाळाला तेच आवडायला लागतं.

*गाईचं दूध बाटलीभर.* वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून नको. त्यात लोह नगण्य असतं. सहा महिन्यांनंतर बाळाचा लोहाचा साठा संपत येतो. सरकारी कार्यक्रमात ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली देतात. आशाताईंकडे किंवा दवाखान्यात मागा. शी काळपट होते, घाबरू नका. पालक-डाळीवर लिंबाचे दोन थेंब पिळले की लोह चांगलं शोषलं जातं.

*घशात अडकणारं.* अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचा तुकडा: चार वर्षांपर्यंत नाही. शेंगदाण्याचं बारीक कूट खिचडीत चालतं. बाळ नेहमी बसवूनच भरवा, आणि पडद्यावर गाणी लावून नव्हे. एका चमच्यासाठी एक गाणं हा करार पुढे वर्षानुवर्षं मोडता येत नाही.

अंगणवाडीत नाव घातलंत तर ६ महिने ते ३ वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो आणि दर महिन्याला वजन होतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बायका ‘ते आपल्यासाठी नाही’ म्हणून जात नाहीत. वजनाच्या आलेखासाठी तरी जा. शेजारणीच्या गुबगुबीत बाळाशी तुलना करण्यापेक्षा त्या कार्डावरची रेघ वर जाते आहे का ते बघितलं तर झोप लागते.

७. आजारपणासाठी एक डबा

डब्यात: थर्मामीटर, ओआरएसच्या पुड्या, पॅरासिटामॉल, झिंकच्या गोळ्या, मोजायची सिरिंज. झाकणाच्या आत एक चिठ्ठी: बाळाचं वजन आणि त्या वजनाला डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस. दर भेटीत चिठ्ठी बदला.

पॅरासिटामॉलबाबत एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा: थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली एकसारखी नसते. थेंबांत साधारण १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं, सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५०. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीतून दिलं तर कितीतरी पट डोस जातो. म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘५ मिली’ नको, कोणत्या बाटलीतून तेही हवं.

जुलाबात ओआरएस. पुडीवर लिहिलेल्या मापाइतकंच उकळून गार केलेलं पाणी. लिटरची पुडी पेल्यात अर्धी-अर्धी करायची नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने. उरलेलं २४ तासांनी ओता. दुकानात खोक्यात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघून घ्या. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. सोबत झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी. अंगावरचं दूध आणि खाणं बंद करायचं नाही.

सर्दी-खोकल्याची तयार मिश्र औषधं चार वर्षांखाली देऊ नका. कापूर छातीला चोळणं, कापराची पुरचुंडी गळ्यात बांधणं, हेही दोन वर्षांखाली टाळा. कापूर विषारी आहे.

वाट न बघता निघायची लक्षणं: तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, दूध ओढत नाही, झटका, मरगळ, जागं करूनही डोळे न उघडणं, श्वास घेताना फासळ्या आत ओढल्या जाणं, सहा-आठ तासांत लघवी नाही, टाळू खोल गेलेली. श्वास मोजता येतात: बाळ शांत असताना मिनिटभर पोट बघा. २ ते १२ महिन्यांत ५० किंवा जास्त, वर्षापुढे ४० किंवा जास्त असतील तर डॉक्टर.

घशात काही अडकलं आणि बाळाचा आवाजच येत नसेल, तर वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून दोन खांद्यांमध्ये पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब, निघेपर्यंत आळीपाळीने. आंधळेपणाने तोंडात बोट घालायचं नाही. कुणाला तरी १०८ लावायला सांगा. हे वाचून पुरत नाही, एकदा बाहुलीवर नवऱ्यासोबत करून बघा.

८. थोरलं मूल घरात असेल तर

तुम्ही धाकट्याला पाजायला बसलात की थोरलं नेमकं त्याच क्षणी फडताळावर चढतं. त्याच्यासाठी एक डबा ठेवा जो फक्त पाजतानाच उघडायचा: जुनी पत्रिका, मोठी लाकडी मणी-माळ, खडू-पाटी. दर आठवड्याला आतलं बदला. तीन वर्षांचं झालं असेल तर अंगणवाडी-बालवाडीचे दोन-अडीच तास घ्याच. त्याला ‘तू आता मोठा दादा’ म्हणून सारखं समजूतदार व्हायला लावू नका. अडीच वर्षांचं मूल बाळच असतं. रोज वीस मिनिटं धाकटं दुसऱ्या कुणाच्या हातात आणि तुम्ही फक्त थोरल्याबरोबर, हे जमवलं तर चावणं-ढकलणं पुष्कळ कमी होतं.

९. मदत मागताना नेमकं सांगा

‘तू काहीच करत नाहीस’ या वाक्याने काम होत नाही, भांडण होतं. नवऱ्याला अख्खं काम द्या, तुकडा नको: रात्रीची भांडी आणि सकाळचे लंगोट त्याचे, रविवारची अंघोळ त्याची, लसीची तारीख लक्षात ठेवणं त्याचं. मग तो ते कसं करतो याकडे बघू नका. दुपटं उलटं गुंडाळलं तर बाळाचं काही बिघडत नाही.

पैशांत एकच मदत परवडत असेल तर बाळ सांभाळायला बाई शोधण्याआधी धुणी-भांडी-पोळ्यांना बाई लावा.

सासूबाई आणि आई यांच्या सल्ल्यांची चाळण अशी: बाळाच्या पोटात, डोळ्यांत, नाकात जाणाऱ्या गोष्टी डॉक्टरांना विचारूनच, बाकी, टोपडं घालायचं की नाही, दृष्ट काढायची की नाही, तिथे त्यांचं ऐकायला काय जातं? मीठ-मोहरीने कुणाचं नुकसान झालेलं नाही, आणि दुपारी दोन तास बाळ घ्यायला हात मिळतो.

१०. तुमची तब्येत

‘पाळी आली नाही, म्हणजे दिवस जाणार नाहीत’ यावर विसंबून कितीतरी जणींना दुसरं लगेच राहिलं आहे. अंगावर पाजण्याचं संरक्षण तीन अटी एकत्र असतील तरच: बाळ सहा महिन्यांखालचं, पाळी अजून आलेली नाही, आणि बाळ दिवस-रात्र फक्त अंगावरच्या दुधावर. एक अट तुटली की संरक्षण गेलं; आणि पाळी यायच्या आधीच बीज सुटतं. पाजताना चालणारे उपाय आहेत, ते डॉक्टरांना परतण्याआधीच विचारून ठेवा. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात. चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत चालतील.

पहिल्या आठवड्यांत कारण नसताना रडू येणं बहुतेकींना होतं आणि सरतं. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस काहीच नको वाटतंय, बाळ झोपलं तरी झोप येत नाही, बाळाला किंवा स्वतःला काही करून बसू अशी भीती वाटते, तर ते ‘बाळंतिणीचे चोचले’ नाहीत, आजार आहे आणि औषधाने बरा होतो. टेलि-मानस १४४१६ वर दिवसरात्र, मराठीत, विनाशुल्क बोलता येतं.

फ्रिजवर चिकटवायचा कागद, मोठ्या अक्षरांत, म्हणजे घरी आलेल्या कुणालाही वाचता येईल: १०८ रुग्णवाहिका, १४४१६ टेलि-मानस, बालरोगतज्ज्ञांचा नंबर आणि रात्री उघडं असणाऱ्या जवळच्या हॉस्पिटलचं नाव, नवऱ्याचा ऑफिसचा नंबर, त्याच मजल्यावरच्या एका शेजारणीचा नंबर, तिला आधी विचारून, खाली बाळाचं वजन, रक्तगट आणि तुमचा स्वतःचा पूर्ण पत्ता, इमारतीच्या जवळच्या खुणेसकट. रुग्णवाहिकेला फोन लावल्यावर स्वतःचा पत्ता विसरायला होतं.